पाचव्या चंद्रावरचा अंगठा

“…मग पुसू ना, मास्तर?”

श्रीपालने तिसऱ्यांदा विचारलं. गुंडू मास्तर शाडूचा गोळा मळत होते, ते मळतच राहिले.

“काय पुसायचं म्हणालास?”

“तो अंगठा. पाचव्या चंद्रावरचा.”

“हं…”

कोल्हापुरात गंगावेशीतल्या त्या पत्र्याच्या छपराच्या मूर्ती-कारखान्यात दुपारची वेळ होती. मास्तरांचं वय चौऱ्याऐंशी. पंचावन्न वर्षांपूर्वी याच जागेत त्यांनी एका सिनेमासाठी आख्खं आभाळ तयार केलं होतं. सिनेमाचं नाव ‘पाचवा चंद्र’. एक माणूस परक्या ग्रहावर अडकतो. तिथे एकामागून एक चंद्र उगवत जातात, आणि पाचवा उगवला की त्याला घरची वाट दिसणार असते. गोष्ट एवढीच.

काळ्या रंगात बुडवलेली गादीची खोळ म्हणजे अवकाश. तिच्यावर चिकटवलेला साबुदाणा म्हणजे तारे. पावडरच्या डब्याचं यान, तेही दोऱ्याला टांगलेलं. वाचून हसू येत असेल तर खुशाल हसा. पण ज्यानं ते आभाळ पडद्यावर पाहिलं, त्याला एकदा गाठून विचारा. तो माणूस अजून वर बघत बोलतो.

पाचवा चंद्र सगळ्यात मोठा. प्लास्टरचा, घागरीच्या साच्यातून काढलेला, ओला असतानाच वरून रवा भुरभुरलेला. साच्यातून काढताना मास्तरांचा अंगठा त्यात रुतला. कॅमेरा लावून माणसं खोळंबली होती, दुसरा चंद्र करायला वेळ नव्हता. तसाच उगवला बिचारा. पडदाभर चंद्र येतो तेव्हा डाव्या अंगाला खाली तो ठसा स्वच्छ दिसतो. अंगठ्याच्या रेषा दिसतात, आणि रेषांना आडवी छेदून गेलेली सुतारी पटाशीच्या जुन्या जखमेची खूणही दिसते.

श्रीपाल मगदूम म्हणजे काही ऐरागैरा माणूस नव्हे. मुंबईत त्याच्या हाताखाली पन्नास माणसं काम करतात. कॉम्प्युटरवर तो ग्रह घडवतो, तारे फोडतो, आणि परदेशातले लोक त्याच्या दारात रांग लावतात. पण ‘पाचवा चंद्र’ पुन्हा थिएटरात येणार म्हटल्यावर त्यानं सगळी कामं बाजूला सारली आणि हा सिनेमा स्वतः हातात घेतला. ओरखडे काढले, आवाज साफ केला. तेवढ्यावर थांबला असता तर आज इथे यायची गरजच नव्हती. यानाचा दोरा काढला. साबुदाणा काढून खरे तारे बसवले. आणि शेवटी चंद्रालाच हात घातला.

“सिनेमा पुन्हा लावणाऱ्या कंपनीचा वकील म्हणतो, मूळ कलाकाराची लेखी संमती हवी,” श्रीपाल म्हणाला. “यापुढे नवीच प्रत दाखवायची. जुनी कायमची बंद.”

“आन् जुनीनं काय वाकडं केलं?”

श्रीपाल जरा घुटमळला.

“दोन महिन्यांपूर्वी कॉलेजच्या मुलांना जुनी प्रत दाखवली, मास्तर. पाचवा चंद्र उगवला आणि सगळं थिएटर हसलं. मी शेवटच्या रांगेत होतो… तुम्हाला कुणी हसलेलं मला नाही सहन होत.”

हे तो मनापासून बोलत होता. त्या दिवशी तो थिएटरच्या जिन्यात बसून रडला होता, आणि दुसऱ्याच दिवशी त्यानं तो अंगठा पुसायला घेतला होता.

“हसली?” मास्तर म्हणाले. “मंजी बगत हुती की.”

“चूक ती चूकच ना! तुम्हाला नाही खुपत?”

“खुपती की. पंचावन्न वर्सं खुपतीया.”

“मग?”

मास्तरांनी गोळा ओल्या फडक्यात गुंडाळला. हात धुतले, धोतराला पुसले आणि चष्मा लावला.

“दाव तुझा चंद्र.”

श्रीपालने लॅपटॉप उघडून पाटावर ठेवला. पडदा काळा झाला आणि डोंगराच्या कडेवरून चंद्र वर आला. त्याच्यावर खड्डे होते, खड्ड्यांत सावल्या होत्या, कडेला उजेडाची बारीक रेघ होती.

मास्तर पुढे वाकले. त्यांचं तोंड उघडंच राहिलं.

“पुन्ना लाव.”

श्रीपालने पुन्हा लावलं.

“आजून एकदा… थांब, थांब. ह्यो कडंचा उजेड कसा काय धरलास रं?”

श्रीपाल सांगू लागला. मास्तर मध्ये मध्ये विचारत होते, मान हलवत होते, एकदा तर त्यांनी खिशातून पेन्सिल काढून पाटावरच सावलीची तिरपी रेघ ओढून बघितली. चौऱ्याऐंशी वर्षांचा माणूस मांडी घालून शिकायला बसला होता. अशा माणसाच्या पायावर डोकं ठेवावं नाही तर काय करावं!

“लई ग्वाड केलंस,” अखेर ते म्हणाले. “मला जिंदगीत जमलं नसतं.”

श्रीपालचे डोळे भरून आले. हे शब्द ऐकायला त्यानं चाळीस वर्षं वाट पाहिली होती. सहा वर्षं दर रविवारी निपाणीहून एसटीनं येऊन त्यानं इथे माती मळली, तेव्हाही मास्तरांनी कधी शाबासकी दिली नव्हती. फार तर ‘हं’ म्हणायचे.

“मग… संमती?”

“त्ये पुस्तक काय आणलंयस?”

सिनेमाबरोबर वाटायची ती पुस्तिका होती. गुळगुळीत कागद, मुखपृष्ठावर नवा चंद्र. आत श्रीपालची प्रस्तावना.

“वाच.”

श्रीपालने घसा साफ केला.

“‘बाराव्या वर्षी निपाणीच्या थिएटरात पुन्हा लागलेला हा जुना चित्रपट मी पाहिला. त्यातल्या निर्दोष सौंदर्याने मी भारावून गेलो, आणि दुसऱ्याच दिवशी कोल्हापूर गाठून मास्तरांच्या पायाशी बसलो…’”

“निर्दोष?”

“…तसं लिहायची पद्धत असते, मास्तर.”

“पायाशी बसलास?”

श्रीपालचं बोट त्या ओळीवरच राहिलं.

“…नाही. दारात उभा होतो.”

“आत तरी आलास का?”

“नाही.”

“नमस्कार?”

“…नाही केला.”

“मग काय केलास?”

श्रीपालने पुस्तिका मिटली. ही गोष्ट त्यानं इतक्या मुलाखतींत इतक्या वेळा सांगितली होती की पायाशी बसलेला तो मुलगा आता त्यालाही खराच वाटायचा. खरा मुलगा वेगळाच होता. भर थिएटरात चारशे माणसं माना वर करून चंद्र बघत होती, आणि त्या एकट्यालाच त्यात अंगठा दिसला होता. रात्रभर त्याला झोप आली नव्हती. सकाळी घरात न सांगता तो एसटीत बसला. चंद्र करणाऱ्याला आपली चूक ठाऊकच नसणार, आणि ती आपणच त्याला सांगणार, या गुर्मीत तो विचारत विचारत या दारापर्यंत आला होता.

“मी म्हणालो…” श्रीपालचा आवाज बारीक झाला. “‘तुमच्या चंद्रावर अंगठा उमटलाय. चूक आहे.’”

“आन् मी?”

“तुम्ही म्हणालात, ‘दाखव.’”

मास्तरांनी मान वर केली. कपाटावर, रिकाम्या रंगाच्या डब्यांमागे, तो चंद्र अजून होता. त्याच्यावर बोटभर धूळ बसली होती. त्या दिवशी मास्तरांनी तो खाली काढून बारा वर्षांच्या पोराच्या पुढ्यात ठेवला होता. पोरानं चुकीवर बरोब्बर बोट ठेवलं होतं, आणि मास्तर उठून त्याच्या हातात मातीचा गोळा देऊन गेले होते.

“काढ तुझा कागद,” मास्तर म्हणाले.

श्रीपालने संमतीपत्र काढलं. सहीची जागा दाखवली, पेनाचं टोपण काढून पेन पुढे केलं.

मास्तरांचं अक्षर म्हणजे मोत्याचा सर. निम्म्या कोल्हापुरातल्या दुकानांच्या पाट्या एके काळी त्यांच्या हातच्या होत्या. त्यांनी पेन घेतलं, न्याहाळलं आणि बाजूला ठेवलं.

मूर्तीचे डोळे रंगवायच्या काळ्या रंगाची वाटी शेजारीच होती. मास्तरांनी तीत अंगठा बुडवला आणि सहीच्या जागेवर दाबला.

“मास्तर! हे काय केलंत?”

“काय केलं?”

“अंगठा कशाला? तुम्हाला सही येते. कंपनी हे घेणार नाही, ती म्हणेल…”

“काय म्हनंल?”

“…चूक आहे, म्हणेल.”

“हं.”

मास्तर उठले. अंगठा फडक्याला पुसला आणि पुन्हा शाडूच्या गोळ्याशी जाऊन बसले.

श्रीपाल कागदाकडे बघत राहिला. रंग अजून ओला होता. रेषा स्वच्छ उठल्या होत्या, आणि रेषांना आडवी छेदून पटाशीची ती खूण गेली होती. चाळीस दिवस तो पडद्यासमोर बसून हीच खूण कणाकणानं पुसत होता. स्वतःचा अंगठा त्यानं इतक्या जवळून कधी पाहिला नव्हता.

वाळत घातलेल्या मूर्ती रिकाम्या डोळ्यांनी बसल्या होत्या. कोपऱ्यात सहा पाट एकावर एक रचून ठेवले होते. पूर्वी रविवारी शिकायला येणाऱ्या पोरांना त्या पाटांवर बसायला जागा पुरायची नाही. आता सगळ्यात वरच्या पाटावर मास्तरांची औषधं ठेवलेली होती. श्रीपालने सकाळपासून ते पाहिलं होतं, पण त्याच्या लक्षात आलं ते आत्ता.

“मास्तर…”

“बोल.”

“पुसू का… मग?”

मास्तरांनी फडकं सोडलं. गोळ्यातला एक लहानसा तुकडा तोडला आणि हातात तसाच धरून दाराकडे पाहिलं. दारात कुणीच नव्हतं.

“पूस की,” ते म्हणाले. “फकस्त, आता माझी चूक दावायला कोन यायचं, तेवढं सांगून जा.”