कितीचा पतंग

“...पण उस्ताद, इतक्या उंचीवर हवा विरळ असते ना? मग लहान पतंग नेऊन मी काय करू? बारा मीटरचाच न्यायला हवा. चुकतंय का काही माझं?”

केदार लोणारी विचारत नव्हता, ऐकवत होता. पाठीवरची पिशवीसुद्धा त्याने दाणकन खाली टाकली. मला असली माणसं आली की डोकं उठतं.

उस्ताद शेगडीपाशी मोजे वाळवत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

उस्ताद म्हणजे धोंडिराम खताळ, पाटण तालुक्यातले. फौजेत बावीस वर्षं बर्फात काढली, निवृत्त झाले, गावी करमेना म्हणून स्पितीतल्या या पठारावर परत आले. पायात स्की, कमरेला पट्टा, हातात आडवा दांडा आणि दांड्यापासून लांब दोऱ्यांवर मोठा पतंग. तो पतंग माणसाला बर्फावरून ओढत नेतो. ही विद्या ते शिकवतात. मी त्यांच्याकडे याच हिवाळ्यात आलो होतो. शिकणं कमी, चहा करणं जास्त.

“कुठं जायचं म्हणतोस?” उस्तादांनी विचारलं.

“खिंडीपर्यंत. गिरीशदादा सापडला तिथपर्यंत. आणि तिथून परत.”

गिरीश हा केदारचा थोरला भाऊ, उस्तादांकडेच शिकलेला. मागच्या फेब्रुवारीत याच पठारावर गेला. खिंडीखालच्या खडकांत गावकऱ्यांना सापडला. दोऱ्या तुटून पतंग कुठे उडून गेला, पत्ता नाही.

“आईला काय सांगितलंस?”

“मनालीला फिरायला जातो म्हणून.”

“घरी कोण हाय तिच्यापाशी?”

“...कोणी नाही. मीच उरलोय.”

उस्तादांनी मोजा उलटा केला.

“दादाचा पतंगच चुकला,” केदार म्हणाला. “पंपाने फुगवायचा होता त्याचा, बारा मीटरचा. त्याच्या परत आलेल्या सामानात तो नव्हता, म्हणजे तोच नेला असणार. थंडीत त्याची झडप तडकली असेल. माझा बघा, कापडी आहे. हवा आपोआप भरते. पंप नाही, झडप नाही, काही कटकट नाही.”

“हे बराबर बोललास.”

केदार खूश झाला. माझ्याकडे बघून हसलासुद्धा.

उस्ताद उठले. कोपऱ्यातून दोन पिशव्या आणून त्यांनी केदारच्या पिशवीशेजारी ठेवल्या.

“ह्यो नवाचा. ह्यो सहाचा. दोन्ही कापडीच. भाईर बर्फ कसाय?”

“कडक. वरून कवच धरलंय.”

“मग घसरायला जोर किती लागंल?”

“...कमी.”

“वारा?”

“आत्ता ताशी वीस किलोमीटर.”

“दुपारी?”

दुपारी खिंडीतून वारा कसा कोसळतो ते मी बघितलंय. आमच्या स्वयंपाकघराचं पत्र्याचं धुराडं एकदा त्याने गावापर्यंत नेलं होतं.

“ठीक आहे,” केदार म्हणाला. “नवाचा नेतो.”

“नवाचा...” उस्ताद म्हणाले आणि दोरी घेऊन बाहेर गेले.

बाहेर उणे अठरा होतं. नाकातले केस ताठ होत होते. उस्तादांनी एका सुट्या दांड्याला मधोमध दोरी बांधली आणि तो केदारच्या हातात दिला. दोरीचं दुसरं टोक घेऊन आम्ही दोघं वीस पावलं लांब गेलो.

“दांडा छातीशी वढला की काय हुतं?” उस्तादांनी तिथून ओरडून विचारलं.

“पतंग जोर धरतो.”

“हात मोकळं केलं की?”

“जोर जातो. पतंग लुळा पडतो. उस्ताद, हे पहिल्या दिवशीचं आहे हो!”

“मंग आता मी हिसका दिला की सोडायचा. एवढंच.”

केदार हसला. आम्ही हिसका दिला. त्याने दांडा गपकन छातीशी ओढला आणि तोंडावर पडला.

“बेसावध होतो,” तो उठत म्हणाला.

“बरं. ह्या बारीला सांगून दितो. एक... दोन...”

तीनला आम्ही ओढलं. दांडा पुन्हा छातीशी. पुन्हा बर्फात.

मला आधी मजा वाटत होती. गर्विष्ठ माणूस पडताना बघायला कोणाला आवडत नाही? पण पाचव्यांदा तो उठला तेव्हा त्याचा ओठ फुटला होता, आणि मजा पार गेली. सोडायचं त्याला माहीत होतं, सोडायची त्याची इच्छाही होती. हात ऐकत नव्हते.

“हातमोजे जाड आहेत,” तो म्हणाला.

“काढ.”

“बोटं जातील की!”

“मंग ऱ्हाऊ दे. एक... दोन...”

सहाव्यांदा पडल्यावर तो उठलाच नाही, नुसता बसून राहिला. उस्ताद जवळ गेले. मीही गेलो.

“आमच्याकडे, येवल्याला...” केदार म्हणाला आणि थांबला. ओठावरचं रक्त गोठलं होतं, ते त्याने हातमोज्याने खरवडलं. “संक्रांतीला तीन दिवस आम्ही गच्चीवरून खाली उतरत नाही. आसारी आम्ही पायांत धरतो, ती दोरा गुंडाळायची लाकडी चाकी. पेच लागला, हिसका बसला की खेचायचं. ज्याच्या हातून दोरा सुटला त्याला गल्ली वर्षभर चिडवते. सात वर्षांचा होतो मी. दोरा सुटला माझा. दादाने तिथेच कानफटात दिली. म्हणाला, लोणारींच्या हातून दोरा सुटत नाही.”

त्याने हातमोज्यावरचा बर्फ झटकला.

“घरी आणला तेव्हा त्याचे दोन्ही हात छातीशी होते. मुठी मिटलेल्या. मामा उघडायला गेले, आई म्हणाली, राहू द्या. तसाच जाळला त्याला.”

उस्तादांनी तोंड फिरवलं. त्यांना रडताना मी कधी पाहिलं नाही, तेव्हाही पाहिलं नाही. पण ते बराच वेळ खिंडीकडे तोंड करून उभे होते.

“तुम्ही त्याला सांगितलं नव्हतं, सोड म्हणून?” केदारने विचारलं.

“सांगितलं हुतं. धा येळा. त्योबी म्हनला, हे पैल्या दिवसाचं हाय.”

“मग?”

“करून घ्यायचं ऱ्हायलं.” उस्ताद दोरी गुंडाळू लागले. “आता घेतो. समद्यांकडनं घेतो.”

आम्ही आत आलो. मी चहा टाकला. केदार तीन पिशव्यांसमोर उकिडवा बसला. चेहऱ्यावरचा तोरा उतरला होता. खरं सांगतो, आल्यापासून पहिल्यांदाच मला तो आवडला. आता घरी जाईल, आईला खरं काय ते सांगेल, असंही वाटून गेलं.

त्याने आपला बाराचा पतंग बाजूला सारला. नवाच्या पिशवीवर हात ठेवला, तोही काढला.

“उगाच शहाणपणा करत होतो मी,” तो म्हणाला. “माफ करा.”

“चहा घे.”

“दुपारच्या वाऱ्याचा मी विचारच केला नव्हता. कडक बर्फाचाही नाही. दादानेही केला नसणार.”

केदारने सहाची पिशवी उचलली, पट्टे ओढून पाहिले आणि पाठीवर घेतली. त्याचा आवाज अगदी मऊ झाला होता, शिकलेल्या माणसासारखा.

“सहाचा नेतो, उस्ताद. आत्ता निघालो तर वारा वाढायच्या आत परत येईन. हाच बरोबर ना?”

शेगडीत लाकूड तडतडलं. उस्तादांनी कप खाली ठेवला.

“बराबर हाय,” ते म्हणाले. “त्या पंपाच्या पतंगाला मी हातबी लावू दिला न्हाई त्याला, त्यो अजून माझ्या माळ्यावर पडलाय... गिरीशला मी सहाचाच दिला हुता.”