फुटक्या काचमावशीची गोष्ट

एका जुन्या यंत्राच्या पोटात काचमावशी, उजेडदादा आणि चिपताई नांदत होते. चिपच्या साऱ्या विद्यांचे नकाशे मावशीच्या अंगात होते. उजेड मावशीतून चिपवर पडला की चिपची जोडणी बदले. कधी ती गणिती होई, कधी चित्रकार. मिरवायची मात्र एकटी चिप!

एकदा यंत्र आपटलं आणि मावशीचा निम्मा तुकडा निखळला. चिप फिस्कारली, "मावशी, अर्धी अक्कल गेली की तुमची! दादा, हिच्याकडं फिरकू नका." प्रत्येक नकाशा मावशीच्या अंगभर पसरलेला असल्यानं उरल्या तुकड्यातही सगळे नकाशे अखंड होते, नुसते फिकटले होते. पण विचारतो कोण?

पुढं चिपचीच जोडणी बिघडली. दोन अधिक दोन सात होऊ लागले. ती रडकुंडीला आली. "मावशी, वाचवा! बरी झाले की सगळ्यांसमोर माफी मागेन."

मावशी हरखली. "ये रे उजेडा, आज जरा जास्त वेळ थांब."

चिप ठणठणीत झाली. पण या वेळी जोडणी मुळापासून बदलली, त्यात आधीचं सगळं पुसलं गेलं. मावशी आशेनं बघत राहिली. चिपनं उजेडाला हळूच विचारलं, "अहो, ही फुटकी बाई कोण?"