धनेशाचं बिऱ्हाड

पूर्वी घाटाच्या पायथ्याशी कुंभावती नगरीत चंद्रकेतू राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व घाटमाथ्यावरच्या दाट, सदाहिरव्या अरण्यात धनेश पक्षी होऊन जन्मले होते.

राजाला सभामंडपासाठी उंच, एकसंध खांब हवा होता. "सात दिवसांत झाड आण, नाहीतर उजवा हात तोडीन," असं त्याने सुतारांच्या म्होरक्याला, भद्रकाला बजावलं. भद्रक अरण्यात शिरला आणि एका झाडापाशी थबकलाच. काय तो बुंधा! दहा माणसांच्या कवेत येईना. हात वाचला म्हणून गडी हरखून गेला.

पण सुतारांची एक रीत होती. झाडाला दोरा बांधून "इथे जगणाऱ्यांनो, बिऱ्हाड हलवा," असं म्हणायचं आणि सगळे गेल्यावरच कुऱ्हाड उचलायची. भद्रकाने तसं म्हटलं.

वरून धनेश म्हणाला, "बाबा, माझी बायको ढोलीत कोंडून घेऊन बसली आहे. तिची पिसं झडलीत, पिल्लू उघडं आहे. ती उडणार कशी?"

"एवढंच ना? ढोली अलगद कापून दुसऱ्या झाडावर बसवून देतो."

बोधिसत्त्वांचं मन क्षणभर हललं. बायको-पिल्लू दोघंही वाचत होती. तरी ते म्हणाले, "माझी सोय झाली रे, पण बाकीच्यांना विचारलंस का? वर चढून बघ."

भद्रक चढला आणि चक्रावून गेला. फांदीफांदीवर नेचे, सालीला बिलगून फुललेल्या आमरी, ढोलीतल्या पाण्यात बेडकांची पिल्लं, मधमाश्या, वटवाघळं, उडत्या खारी! बघावं तिकडे संसार थाटलेले. खाली आला तो आनंदातच. "जन्मभर मी नुसतं लाकूड बघत आलो," तो म्हणाला. मग कुऱ्हाड तिथेच टाकून, हात द्यायच्या तयारीने तो राजापुढे उभा राहिला.

राजा संतापून भद्रकाला घेऊन स्वतःच अरण्यात आला. त्याने दोरा हातात घेतला आणि तो गरजला, "इथे जगणाऱ्यांनो, बिऱ्हाड हलवा!"

धनेश शांतपणे म्हणाला, "महाराज, भर वैशाखात तुमची नदी वाहते ती कशाने? पावसाचं पाणी हे अरण्य मुळाशी धरून ठेवतं आणि वर्षभर झिरपू देतं. आज एक झाड गेलं की उद्या दुसऱ्या मंडपाला दुसरं जाईल, आणि एक दिवस नदी आटेल. इथे जगणाऱ्यांत तुम्हीही आलात. तेव्हा पहिलं बिऱ्हाड तुमचंच हलवा."

राजाने दोरा खाली टाकला. भद्रकाचा हात त्याने आपल्या हातात घेतला, आणि या अरण्यात कुणी कुऱ्हाड न्यायची नाही अशी दवंडी पिटवली. मंडपाला विटांचे खांब लागले.

ही पूर्वजन्मीची गोष्ट सांगून शास्ते, म्हणजे भगवान बुद्ध, म्हणाले, "भिक्षूंनो, तेव्हाचा राजा म्हणजे आजचा भिक्षू सोमिल, भद्रक म्हणजे आपला विहार बांधणारा वप्पक, आणि तो धनेश मी होतो. आपली सोय झाल्यावरही जी इतरांसाठी अडून बसते, ती करुणा."