प्लवकांची पाठवणी

एका गावात, खाडीच्या तोंडाशी, धाकू तांडेल नावाचा एक भोळा खलाशी होता. सांगितलेलं तंतोतंत करायचा. हीच तर पंचाईत!

त्या गावात आरोलकर मॅडम काम करायच्या. समुद्रात प्रवाहाबरोबर भटकणारे बारीक जीव असतात, प्लवक म्हणतात त्यांना. कुठला प्लवक कुठल्या प्रवाहाने आला, हे मॅडम त्यांच्या जनुकांवरून शोधत होत्या. तीन वर्षं राबल्या बिचाऱ्या. मग जुना खलाशी आजारी पडला आणि त्यांनी धाकूला ठेवलं. कर्म!

पहिल्या दिवशी म्हणाल्या, "पाणी बारीक जाळीतून गाळून आणा." धाकूने गाळलं, जाळी खळखळून धुतली आणि बाटलीभर स्वच्छ पाणी आणलं.

"अहो धाकूभाऊ, जाळीत राहतं ते आणायचं! खालचं ओतून द्यायचं!"

"असं होय!" धाकू म्हणाला. बसलं डोक्यात.

दुपारी त्याने चहा गाळला, ओतून दिला आणि कपात चोथा आणला.

"चोथा? तोही गारढोण? कढत कढत आणावं माणसानं!"

"असं होय!"

दुसऱ्या दिवशीचे नमुने त्याने चुलीवर कढवून आणले. प्लवकांची आमटी झाली.

"अहो, मेले ना ते! उन्हातून आलं की आधी बर्फात घालायचं!"

"असं होय!"

तेवढ्यात दिल्लीचे मोठे साहेब आले. तीन वर्षांचे नमुने बघून मॅडमचं काम चालू ठेवायचं की बंद करायचं, ते ठरवणार होते. भर उन्हातून आले. धाकूने त्यांना उचललं आणि मासळीच्या बर्फात कमरेपर्यंत पुरलं. सरकारी माणूस इतक्या चटकन उठलेला गावाने पहिल्यांदाच पाहिला.

मॅडम रडकुंडीला आल्या. "लांबून आलेल्या पाहुण्याला कुणी बर्फात घालतं? मानानं वागवावं, शिदोरी द्यावी, वाटेला लावून यावं!"

"असं होय!" धाकू फार ओशाळला.

साहेब कोरडे होऊन आले. मॅडमनी बर्फाची पेटी उघडून दाखवली. "तीनशे बाटल्या, साहेब. हे केरळकडून वाहत आले, हे पार आखाताकडून."

धाकूने ऐकलं. लांबून आलेले! आणि बर्फात! अरेरे!

दोघं जेवून येतात तो पेटी रिकामी. तीनशे बाटल्या धुऊन उन्हात पालथ्या घातलेल्या.

"धाकूभाऊ... आतलं कुठंय?"

"वाटेला लावलं की! ओहोटी होती, प्रवाहात सोडून आलो. शिदोरीला मूठभर चुरमुरेही टाकले."

साहेबांनी वही मिटली. मॅडम मटकन खाली बसल्या आणि ढसाढसा रडू लागल्या.

"रडू नका, मॅडम," धाकू म्हणाला. "भरतीला येतील परत. 'पुन्हा या' म्हणून एकेकाला सांगितलंय मी."