दिसणारी पिशवी

साताऱ्यात चोराने वैजयंताबाईंच्या गाडीची बाजूची काच फोडली आणि सीटवरची पिशवी पळवली. पिशवीत होतं काय, तर मेथीच्या जुड्या! पॉलिसीत काचा धरलेल्या होत्या, तरी विमा कंपनीचे टिळेकर साहेब बाईंना हेलपाटे मारायला लावत होते. कधी म्हणे फोटो पुसट, कधी शिक्का पुसट. शेवटी आपल्या नव्याकोऱ्या काचेच्या केबिनमध्ये बसून साहेबांनी निकाल दिला.

"अहो बाई, पिशवी बाहेरून दिसत होती. चोराला आमंत्रण तुम्हीच दिलंत. चूक तुमची, क्लेम नामंजूर!"

"आतलं दिसलं म्हणून काच फोडली, तर चूक मालकाची?"

"अर्थात!"

वैजयंताबाईंनी टेबलावरचा जड पेपरवेट उचलला, केबिनबाहेर गेल्या आणि काचेवर नेम धरला.

साहेब ताडकन उठले. "अहो, हे काय करताय?"

"तुमचा महागडा मोबाईल इथून स्पष्ट दिसतोय," बाई उघड्या दारातून म्हणाल्या. "आमंत्रण मिळालं."

साहेबांनी घाईघाईने मोबाईल खिशात कोंबला. "घ्या, आता नाही ना दिसत?"

"मोबाईल नाही दिसत," बाईंनी हात आणखी मागे नेला, "पण साहेब, तुम्ही दिसताय."

क्लेमवर मंजुरीची सही झाली, मगच पेपरवेट टेबलावर परत आला.