पुराचे हित

कदंबपुर नावाच्या नगरात विजितसेन राजा राज्य करीत होता, त्या काळी बोधिसत्त्व तेथील पुरोहिताच्या कुळात जन्माला आला होता. वडिलांच्या मागे पुरोहितपद त्याच्याकडे आले. त्याच्या पत्नीचे नाव अनुला.

लग्न होऊन अनुला या घरात आली, तेव्हा तिने सासूला विचारले होते, "पुरोहित म्हणजे नेमकं काय हो?"

सासू म्हणाली, "पुरोहित म्हणजे पुढे ठेवलेला. पंक्तीत पहिलं पान त्याचं, मिरवणुकीत पहिला हत्ती त्याचा. आता तू त्याची बायको. उगाच मागे मागे राहू नकोस."

अनुलेने ते मनावर घेतले. नवऱ्याचा मान तिने जिवापाड जपला.

त्या नगरात एक जुना रिवाज होता. विहीर असो, पाट असो की घराचा पाया, पहिली कुदळ पुरोहिताने मारायची. ती जिथे पडेल तिथेच खणायचे. तोवर दुसऱ्या कोणी कुदळ उचलायची नाही.

नगराच्या वरच्या अंगाला, नदीच्या बांधाला लागून, पुरोहिताचा मळा होता. फार पूर्वीच्या एका राजाने तो या कुळाला दान दिला होता. दान दिलेल्या जमिनीला पुन्हा राजानेही हात लावायचा नाही, असा दंडक होता. मळ्यात भात पिके, आणि बांधालगत आंब्याची झाडे होती. ती अनुलेनेच लावली होती. नवी सून असताना नदीवरून घागरी आणून आणून तिने ती जगवली होती. त्या झाडांच्या सावलीत त्यांचे घर होते.

एका वर्षी भाद्रपदात नदीला मोठा पूर आला. नगराभोवतीचा मातीचा बांध पाण्याने फुगला. तो आपणहून फुटला तर सगळे नगर वाहून जाणार, हे सर्वांना दिसत होते. कुठेतरी तो हाताने फोडून पाण्याला वाट द्यायला हवी होती.

सकाळी अमात्य गंडक पुरोहिताच्या घरी आला. "आचार्य, महाराजांनी ठरवलंय," तो म्हणाला. "खालच्या अंगाला, बुरूड आळीपाशी बांध फोडायचा. दुपार कलली की पूजा, आणि मग तुमची पहिली कुदळ."

"आळीतली माणसं कुठे जातील?" बोधिसत्त्वाने विचारले.

"दवंडी पिटली आहे. बांधावर चढून बसतील. झोपड्या तर काय, बांबूच्याच. बांबू पुन्हा उगवतो." गंडक आपल्याच बोलण्यावर हसला.

"म्हातारी माणसं, बाळंतिणी?"

"एवढं मोठं नगर वाचवायचं, तर काहीतरी जाणारच. तुम्ही मुहूर्त बघा, बाकीचं देव बघेल."

तो गेल्यावर बोधिसत्त्व ओसरीवर आंब्यांकडे बघत बसला. आतल्या दाराशी उभ्या असलेल्या अनुलेला मात्र हायसे वाटले. मळा वाचला, हाच विचार तिच्या मनात पहिला आला. दुसरा विचार येऊ नये म्हणून ती चुलीपाशी कामाला लागली.

दुपारी बुरूड आळीतली रेवा म्हातारी नवे कोरे सूप घेऊन दाराशी आली. पुराच्या पूजेला नवे सूप लागते, म्हणून राजवाड्यावरून तिला सांगावा गेला होता.

"घ्या बाई," ती म्हणाली. "चांगलं घट्ट विणलंय. आमची घरं बुडवायच्या पूजेला आमच्याच हातचं सूप. त्यात कसर कशाला ठेवू?"

अनुलेने सूप हातात घेतले. "आजी, तुम्ही सामान नाही हलवलं अजून?"

"सामान आहे कुठे? एक सून आहे. परवा बाळंत झाली, उठवत नाही तिला. बांधावर हा चिखल, वरून पाऊस. कुठे ठेवू तिला?"

"राजाची आज्ञा आहे, आजी. यांच्या हातात काय आहे?"

"कुदळ आहे की," रेवा म्हणाली.

अनुला सुपाच्या बदल्यात द्यायला धान्य आणू लागली, तर म्हातारीने हाताने नको म्हटले. "राहू द्या. आम्ही बाई अडाणी. पुरोहित म्हणजे पुराचं हित बघणारा, असं आमच्या आळीत म्हणतात. मला आपलं वाटायचं, पुर म्हणजे हे नगर. आज कळलं, पूर म्हणजे नदीचा. त्याचं हित मात्र नीट बघितलं हो तुम्ही. त्याला आख्खी आळी खायला दिली."

हे शब्द ओसरीवर बसलेल्या बोधिसत्त्वाने ऐकले. तो उठून दारात आला. म्हातारी घाबरली. "चुकलं महाराज. माझ्या तोंडाला काही धरबंद नाही."

"चुकलं नाही, आजी," तो म्हणाला. "घरी जा, आणि सुनेजवळ बसा."

ती गेल्यावर तो अनुलेला म्हणाला, "बांध इथे, आपल्या मळ्यापाशी फोडता येईल. पाणी मळ्यातून खालच्या कुरणात जाईल, तिथून ओढ्याला मिळेल. वाटेत घर आहे ते एकटं आपलंच."

"मग महाराजांना हे का नाही सुचलं?"

"दान दिलेली जमीन आहे. इथे त्यांना कुदळ लावता येत नाही. मला येते."

अनुलेने त्याच्याकडे रोखून पाहिले. "तुम्हाला हे आत्ता सुचलं?"

"गंडक बोलत होता तेव्हाच सुचलं होतं. पण तुझ्या आंब्यांकडे बघितलं आणि तोंड उघडेना."

"वाळू बसेल हो शेतात," ती म्हणाली. "आपल्या हयातीत इथे पुन्हा भात दिसायचा नाही. आज्ञा मोडली म्हणून महाराज पदही काढून घेतील. मग आपण कोण?"

"ते मलाही माहीत नाही. आई म्हणायची, पुरोहित म्हणजे पुढे ठेवलेला. कशाच्या पुढे, ते तिने सांगितलं नाही आणि मीही कधी विचारलं नाही." तो तिच्याकडे वळला. "दान नवरा-बायकोनं मिळून द्यायचं असतं, अनुला. मळा तुझाही आहे."

अनुला बाहेर गेली. तिने आंब्याच्या खोडावर हात ठेवला. तिथून दूरवर खालचा बांध दिसत होता. चार माणसे एक खाट उचलून त्यावर चढत होती आणि खाटेवर कोणीतरी निजले होते. चिखलात पाय घसरले, खाट खाली टेकली. त्यांनी ती पुन्हा उचलली. पुन्हा घसरले.

अनुलेने खोडावरचा हात काढला. ती गोठ्यात गेली आणि गाईंची दावी सोडू लागली.

"मी यांना टेकडीवर नेते," ती आतूनच म्हणाली. "तुम्ही बियाणं तेवढं बाहेर काढा, आणि मग जा."

दुपार कलली. राजा हत्तीवर बसून बुरूड आळीपाशी आला. खणणारे कुदळी घेऊन थांबले होते. इतक्यात बियाणे टेकडीवर पोचवून परतलेला पुरोहित खांद्यावर कुदळ टाकून बांधावरून उलट्या दिशेने, मळ्याकडे, चाललेला दिसला.

"आचार्य, वाट चुकलात," गंडक ओरडून म्हणाला. "पूजा इकडे आहे."

"ठाऊक आहे," बोधिसत्त्व म्हणाला आणि चालत राहिला.

मळ्यापाशी येऊन त्याने पहिली कुदळ मारली. खणणाऱ्यांनी एकमेकांकडे पाहिले. पुरोहिताची कुदळ पडली होती, आणि ती जिथे पडेल तिथेच खणायचे होते. ते धावत आले. राजाचा हत्ती पोचेपर्यंत बांधाला खिंड पडली होती, आणि भातावरून तांबडे पाणी पसरत होते.

"ही जमीन माझ्या पूर्वजांनी तुम्हाला दिली होती," राजा रागाने म्हणाला.

"म्हणून तर आज देता आली, महाराज."

राजाने पाण्याकडे पाहिले, खालच्या बांधावरच्या माणसांकडे पाहिले. मग त्याने हत्ती मागे वळवला. त्याने पुरोहिताचे पद काढले नाही, आणि त्या दिवसापासून गंडकाच्या सल्ल्याने काही ठरवलेही नाही.

नगर वाचले, बुरूड आळीही वाचली. मळ्यात वाळू बसली ती बसलीच, आणि आंब्याची झाडे एकेक करून वाळली. बुरुडांनी टेकडीच्या पायथ्याशी बांबूचे घर बांधून दिले. बोधिसत्त्व आणि अनुला तिथे आयुष्यभर राहिले, आणि यथाकाल आपापल्या कर्मानुसार पुढल्या गतीला गेले.

ही कथा शास्त्यांनी, म्हणजे बुद्धांनी, विहारात सांगितली, त्याला कारण घडले होते. 'थेर', म्हणजे ज्येष्ठ भिक्षू, कोणाला म्हणावे यावरून दोन भिक्षूंमध्ये वाद झाला होता. ज्याचे केस पिकले तो थेर, असे एकाचे म्हणणे होते. ज्याला सारी वचने मुखोद्गत आहेत तो थेर, असे दुसऱ्याचे. दोघेही पहिल्या आसनासाठी अडून बसले होते, आणि तापाने फणफणलेला एक भिक्षू कोपऱ्यात पाणी मागत होता.

शास्ते म्हणाले, "त्या वेळचा राजा म्हणजे पिकल्या केसांचा हा भिक्षू, आणि अमात्य गंडक म्हणजे पाठांतराचा हा भिक्षू. रेवा म्हातारी म्हणजे हा आजारी भिक्षू. ज्या भिक्षुणीने आत्ता उठून त्याला पाणी दिले, ती त्या जन्मी अनुला होती. आणि पुरोहित मीच होतो. लोक ज्याला पुढे ठेवतात, त्याने आधी आपले द्यावे. नाव कोणतेही असो, अर्थ तिथे सुरू होतो. ही दानपारमिता, दानाची परिपूर्णता होय."