फागूबाबांचं शून्य

“मग एकट्या तुमच्याच कागदांवर शून्य कसं, फागूबाबा?”

म्हातारा नदीकडे बघत होता.

वसुधाने फाईल त्याच्या गुडघ्याजवळ खडकावर ठेवली. दीड वर्षाचं काम होतं त्यात. वैनगंगेकाठची अकरा गावं तिने पायाखाली घातली होती. प्रत्येक गावातून माणसं निवडली, त्यांना शिकवलं. ओल्या वाळूत पाणमांजराचा पंजा कसा उमटतो, खवल्यांनी भरलेली त्याची विष्ठा कशी ओळखायची, बीळ कुठे शोधायचं. रोज नदीवर जायचं आणि छापील कागदावर आकडा लिहायचा. आज किती दिसली?

अकरा गावांच्या मिळून नोंदी झाल्या होत्या एकशे सत्याऐंशी.

त्यात बोरटोल्याच्या फागू वलथरेचं काहीच नव्हतं. जातीचा धिवर, वय शहात्तर, घरात एकटा. पाचशे अठ्ठावीस दिवस आणि पाचशे अठ्ठावीस शून्यं. वाटोळी, सावकाश काढलेली.

“सगळ्यात खोल डोह तुमचा,” वसुधा म्हणाली. “मासेही इथेच जास्त. वरच्या गावाला पाणमांजर दिसतं, खालच्या गावाला दिसतं. मग मध्ये काय ते उडून जातं?”

म्हाताऱ्याने कपाळावर आडवा हात धरून पाण्याकडे पाहिलं.

“डोळ्यांना नीट दिसतं ना?”

फागूबाबाने पलीकडच्या काठाकडे बोट केलं. “त्या करंजाच्या खालच्या फांदीवर खंड्या बसला हाय. मासा शेपटाकडून धरला त्यानं. गिळता येऊन नाही राहिला.”

वसुधाने दुर्बीण लावली.

खंड्या फांदीवर मासा आपटत होता, उलटा करून पाहत होता.

तिने दुर्बीण खाली घेतली.

“तुम्ही रोज येता इथे?”

“येतो.”

“किती वेळ?”

“उजाडल्यापासून. ऊन डोक्यावर आलं का घरी जातो. भाकर खातो. मंग परत.”

“आणि इतक्या वेळात एकदाही...”

“आधी यायचे. सात-आठ एकदम. जाळं फाडून मासे न्यायचे.” म्हाताऱ्याच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं. “मी इथून शिव्या हासडायचो, आन् माही बायको तिकडं घरातून मले. म्हणे, मुक्या जिवाले काऊन बोलून राहिले.”

त्याने पायाजवळचा खडा उचलला आणि आवाज न करता परत ठेवला.

“नऊ वर्सं झाली. जाळं फाटलं नाही.”

वसुधाने घड्याळ पाहिलं. मंगळवारी तिला वनखात्याच्या समितीपुढे अहवाल मांडायचा होता. पाणमांजरांचा वावर सिद्ध झाला, तर अकराही गावांचा पट्टा राखीव होणार होता. सुरुंग लावून मासे मारणाऱ्यांना चाप बसणार होता. तिचे मार्गदर्शक फोनवर म्हणाले होते, लोकांच्या मदतीने इतकं मोठं सर्वेक्षण या भागात पूर्वी कुणी केलेलं नाही. ते वाक्य तिने कितीतरी दिवस मनात जपून ठेवलं होतं. भाड्याच्या खोलीवर एकटीने जेवताना ते तिला आठवायचं.

“बाबा, तुमचे कागद मला नडतायत. नेमका मधला डोहच रिकामा. समितीतले विचारणार, हे कसं? एखाद्या दिवशी गेला नसाल, बरं नसेल, तसं सांगा. मी हे कागद बाजूला काढते. कुणी तुम्हाला बोल लावणार नाही.”

फागूबाबाने पहिल्यांदाच तिच्याकडे पाहिलं. गावातले सगळे तिला मॅडम म्हणत. हा एकटा म्हणत नसे.

“पोरी, एक लिहायचं त पापणी लवते तेवढा वेळ पुरते,” तो म्हणाला. “शून्याले अख्खा दिवस लागते.”

वसुधाला राग आला.

“म्हणजे बाकीचे खोटं लिहितात?”

“मी कुठी म्हटलं?”

“मग?”

“गिरजाकडं जा. पण ‘दिसलं का’ म्हणून नको इचारू.”

“मग काय विचारू?”

“कुठी बसली होती, ते इचार.”

मांगली गावची गिरजाबाई केवट म्हणजे वसुधाची सगळ्यात पक्की कार्यकर्ती. तिच्या एकटीच्या नावावर एकतीस नोंदी होत्या. जीपचा आवाज ऐकून ती अंगणात आली, हातातलं सूप बाजूला ठेवलं आणि चहा टाकायला वळली.

“चहा राहू दे गिरजाबाई. मागच्या बुधवारी तीन पाणमांजरं लिहिलीत. तेव्हा तुम्ही कुठे बसला होता?”

गिरजाबाई तशीच उभी राहिली.

“कुठे बसला होता?”

“नदीवरच...”

“नदीवर कुठे?”

गिरजाबाईने पदराने तोंड पुसलं. बराच वेळ पुसत राहिली.

“राग नका धरू मॅडम. तुमची जीप थांबली का तुम्ही आधी इचारता, दिसलं का? ‘नाही’ म्हटलं त तुमचं तोंड उतरते. चहा बी अर्धा ठेवून जाता.” तिचा आवाज बारीक झाला. “इतक्या लांबून येता. घरची माणसं सोडून एकट्या ऱ्हायता. म्हटलं, लिहू एखादं. मंग सवय लागली.”

“बाकीच्या गावांतही...?”

“आम्ही बोललो आपसात. लिहिलं त सुरुंगवाले बंद होतीन, असं तुम्हीच सांगितलं होतं ना? मंग त्यात वाईट का हाय?”

वसुधा अंगणातल्या बाजेवर बसली. “टाका चहा,” ती म्हणाली.

त्या दिवशी तिने चहा पूर्ण प्यायला.

पुढचे चार दिवस ती गावोगाव हिंडली. एकच प्रश्न विचारत गेली. कुणी हसले, कुणी माना खाली घातल्या. एका म्हातारीने तिच्या डोक्यावरून हात फिरवला. एकशे सत्याऐंशीतून नोंदी गळत गेल्या. उरल्या नऊ. त्या सगळ्या वरच्या चार गावांतल्या, जिथे नदी अरुंद होऊन जंगलात शिरते. तिथल्या माणसांनी बसायची जागा दाखवली, वाळूतले पंजे दाखवले. एका खडकावर वाळलेली विष्ठाही होती. वसुधाने ती बोटांनी फोडली. आत माशांचे काटे होते.

सोमवारी ती पुन्हा डोहावर आली. फागूबाबा खडकावर होता.

“खोटं लिहून नदी वाचत असेल तर?” तिने उभ्यानेच विचारलं.

फागूबाबा खडकावर थोडा बाजूला सरकला.

“तू किती दिवस बसली?”

“कुठे?”

त्याने खडकावर तळहात ठेवला.

वसुधाने आठवून पाहिलं. दीड वर्षात ती बोरटोल्याला चाळीस वेळा तरी आली होती. जीप लावायची, कागद गोळा करायचे, सह्या घ्यायच्या आणि पुढचं गाव गाठायचं. नदीकाठी ती फोटो काढण्यापुरती थांबली होती.

तिने फाईल उघडली आणि एकशे सत्याऐंशीवर काट मारली.

मंगळवारी तिने समितीपुढे नऊ नोंदी मांडल्या आणि बाकीच्या चुकीच्या का ठरल्या तेही सांगितलं. चूक माणसांची नाही, माझ्या विचारण्याची होती, असं ती म्हणाली. सभागृहात कुणीतरी खोकलं. मार्गदर्शकांनी पूर्ण वेळ समोरच्या कागदांतून मान वर काढली नाही.

निर्णय व्हायला दोन महिने लागले. वरच्या चार गावांचा पट्टा राखीव झाला. खालच्या सात गावांना पुरावा नाही म्हणून वगळलं. बोरटोल्याचा डोह वगळलेल्यांत होता.

ही बातमी सांगायला वसुधा बसने आली. जीप आता सर्वेक्षण करवणाऱ्या संस्थेने काढून घेतली होती. थांब्यापासून नदीपर्यंत दोन मैल चालावं लागलं. वाटेत मांगली लागली. गिरजाबाई अंगणात दिसली, पण तिने हाक मारली नाही. वसुधानेही मारली नाही.

फागूबाबा नेहमीच्या जागी बसला होता. वसुधा त्याच्याशेजारी बसली. उन्हं कलती होती. पाण्यावर एक तरंग नव्हता.

“तुमचा डोह गेला, बाबा. माझ्यामुळे.”

“शून्यं मी काढली.”

“तुम्ही खरी काढली होती.”

“हो.”

एक बगळा आला, उथळ पाण्यात उभा राहिला, उडून गेला. कुठेतरी खालच्या अंगाला सुरुंगाचा दबका आवाज झाला. डोहाचं पाणी थरथरलं आणि पुन्हा स्थिर झालं. म्हाताऱ्याची मान त्या बाजूला वळली नाही.

गेले दोन महिने वसुधाशी फारसं कुणी बोललं नव्हतं. आणि हा माणूस नऊ वर्षं इथे... रोज... कुणासाठी?

“बाबा, आता कागद गोळा करायला कुणी येणार नाही. सर्वेक्षण संपलं.”

फागूबाबाने मान डोलावली. उठला मात्र नाही.

वसुधाला राहवलं नाही.

“आणि नसेलच तर? या डोहात आता एकही उरलं नसेल, कधीच येणार नसेल, तर?”

तिचा आवाज चढला होता. पाण्यावरून तो पलीकडच्या काठापर्यंत गेला.

फागूबाबाने डोहावरची नजर काढली नाही. तिच्या मनगटावर हलकेच हात ठेवला.

“हळू बोल, पोरी.”